गिअरबॉक्सचा ऐब आणि जुन्या गाडीचा सौदा

नगर जिल्ह्यातील एका वाचकांचा प्रश्न या महिन्यात घेत आहोत. त्यांच्या विनंतीवरून नाव-गाव देत नाही.

त्यांनी बहिणीच्या दिरांकडून सहा वर्षे वापरलेली ऑटोमॅटिक गाडी घेतली. व्याजाचे कर्ज नको म्हणून सगळी रक्कम रोख दिली. त्यात काही वर्षांची बचत होती, पत्नीच्या दोन बांगड्याही होत्या. गाडी पुण्यात चाललेली, एकाच मालकाची, मीटरवर ४२ हजार किलोमीटर. तिसऱ्या महिन्यापासून चढावर झटके बसू लागले. तरी शाळा, शेत, दवाखाना अशी आणखी दोन महिने ती वापरली गेली. पाचव्या महिन्यात करंजी घाटात इंजिन नुसते ओरडत राहिले आणि गाडी जागची हलेना. अर्ध्या-पाऊण तासाने थंड झाल्यावर पुन्हा चालू लागली. गॅरेजमध्ये ऑइल काढले तर ते काळे, जळक्या वासाचे, आणि तळाला चकाकणारा धातूचा चुरा. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ गेला. दीर म्हणतात, आमच्याकडे तर ठीक चालत होती. बहिणीचे घर असल्याने बोलणे तिथेच थांबले.

आता एक एजंट त्यांना सांगतो की नवे ऑइल टाकू, स्कॅनर लावून कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड पुसू, पंधरा दिवस गाडी गुमान चालेल, तेवढ्यात ‘जशी आहे तशी’ असे लिहून देऊन टाका. वाचकांचे प्रश्न दोन आहेत. दिरांकडून काही मागता येते का? आणि मला कोणी सांगितले नाही, तर मी पुढच्याला सांगितलेच पाहिजे का?

आधी गाडीचे बोलू. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारी पेटी म्हणजे गिअरबॉक्स. आपल्या जिल्ह्याला ही वस्तू परकी नाही. वाहने तपासणारी व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची संस्था नगरलाच आहे. १९७२ साली आलेली लूना जिथे बनली, तो कायनेटिकचा कारखाना आज गिअर आणि गिअरबॉक्सचे भाग बनवतो. (लूनाला बदलायला गिअरच नव्हते, ही गंमत वेगळी.) तरीही गाडी घेताना आपण रंग, टायर, सीट आणि फार तर इंजिनाचा आवाज पाहतो. गिअरबॉक्स कोणी पाहत नाही, कारण तो दिसत नाही.

साध्या गाडीत आपण पायाने क्लच दाबतो आणि हाताने गिअर टाकतो. ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली मात्र निरनिराळ्या पेट्या विकल्या जातात. २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे घरोघरी पोहोचलेली एएमटी ही आतून साधीच पेटी असते. क्लच दाबणे आणि गिअर बदलणे ही कामे पाय-हाताऐवजी यंत्र करते, एवढाच फरक. क्लचप्लेट तिथेही असते आणि झिजते. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की ती जळते. सीव्हीटीचा प्रकार निराळा. स्कूटीत जसा दोन पुल्यांमध्ये पट्टा फिरतो, तसा इथे पोलादी पट्टा फिरतो. त्याला ठरावीक जातीचेच ऑइल लागते. दुसरे टाकले किंवा जुने तसेच ठेवले तर पट्टा घसरतो, पुल्यांवर ओरखडे उठतात आणि उष्णता वाढत जाते. आमच्या वाचकांच्या गाडीची लक्षणे याच प्रकारची वाटतात. टॉर्क कन्व्हर्टरची जुनी ऑटोमॅटिक पेटी आणि दोन क्लचची डीसीटी हे आणखी दोन प्रकार. कोरड्या क्लचची डीसीटी गर्दीत रांगत चालवली की तापते. सीव्हीटीची अख्खी पेटी बदलायची तर खर्च सहज लाखाच्या पुढे जातो. म्हणून ‘ऑटोमॅटिक आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नये, कोणती ते विचारावे.

नीट वापरलेला गिअरबॉक्स लाख-दीड लाख किलोमीटर सहज साथ देतो. मग ४०-५० हजारांतच तो का मरतो? मीटर मागे फिरवलेले असते, हे एक उत्तर. पण मीटर खरे असले तरी ते फक्त किलोमीटर मोजते, तास मोजत नाही. हिंजवडीच्या गर्दीत रोज दोन तास इंच-इंच सरकलेल्या ४० हजारांच्या गाडीचा क्लच, हायवेवर ८० हजार चाललेल्या गाडीपेक्षा जास्त थकलेला असू शकतो. ‘पुण्याची गाडी, कमी चाललेली’ या वाक्यावर आपल्याकडचे लोक फार लवकर भाळतात. आपल्या रस्त्यांचाही वाटा आहेच. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे अर्ध्या क्लचवर सरकत राहणे, इमामपूर किंवा चंदनापुरी घाटात पाच जणांच्या गाडीत आठ जण आणि वर सामान, धुळीने गेलेले ऑइल सील आणि त्यातून थेंब-थेंब गळून कमी झालेले ऑइल. शिवाय ‘लाइफटाइम ऑइल’ हा शब्द. ते कधी बदलावेच लागत नाही असे शोरूममध्ये सांगितले जाते. पहिल्या मालकाचे काम त्यावर भागते, दुसऱ्याचे नाही.

पुरात बुडालेल्या गाड्यांचा विषय वेगळाच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या स्वच्छ होऊन लांबच्या जिल्ह्यांत विकायला येतात. गिअरबॉक्सला हवेसाठी बारीक नळी असते, तिच्यातून पाणी आत शिरते. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले की समजावे. आतली बेअरिंगे गंजायला वेळ लागतो, म्हणून गाडी काही महिने चालते आणि मग बसते.

यातून एक गोष्ट निघते. गिअरबॉक्स बहुधा अचानक मरत नाही. झटका, उशीर, गुणगुण, उडणारा गिअर अशी कुरकूर तो आधी महिनोन्महिने करत असतो, आणि ती ऐकणारा माणूस म्हणजे रोज गाडी चालवणारा मालक. प्रत्येक विकणारा जाणूनबुजून लपवतो असे आम्ही म्हणत नाही. वाचकांच्या बहिणीच्या दिरांबद्दलही तसे ठरवायला आमच्याकडे आधार नाही. पण ‘आमच्याकडे ठीक चालत होती’ हे वाक्य बोलण्याआधी माणसाने स्वतःला दोनदा विचारावे.

फिकहमध्ये या विषयाचे स्वतंत्र प्रकरण आहे, खियारे-ऐब. विकत घेतलेल्या वस्तूत आधीपासूनचा लपलेला दोष निघाला, तर घेणाऱ्याला सौदा परत फिरवण्याचा हक्क मिळतो. बाराव्या शतकातील इमाम मर्गीनानींच्या ‘हिदाया’त हनफी मत असे आहे की घेणाऱ्याने वस्तू परत देऊन पूर्ण किंमत घ्यावी किंवा पूर्ण किमतीत ती ठेवावी. विकणारा राजी नसेल तर वस्तू ठेवून पैसे कापून मागता येत नाहीत. पण वस्तूत घेणाऱ्याकडे असताना नवा दोष पडला, तर मूळ दोषामुळे जितकी किंमत घटते तितकी भरपाई मागता येते. त्याच ग्रंथातला जनावराचा मसला आमच्या वाचकांना अगदी लागू पडतो. जनावर घेतले, ऐब कळला, आणि त्यानंतरही घेणारा आपल्या कामासाठी त्यावर स्वार झाला, तर ती त्याची रजामंदी धरली जाते आणि परत देण्याचा हक्क जातो. विकणाऱ्याकडे परत नेण्यासाठी किंवा चारा-पाण्यासाठी स्वारी केली तर हक्क जात नाही.

आता तिसऱ्या महिन्यात झटके बसू लागल्यावर दोन महिने शाळा आणि शेत झाले. ते झटके म्हणजे ऐब कळणे होते की नुसता संशय, यावर पुढचे अवलंबून आहे. हा निर्णय आम्ही देणार नाही. तारखा आणि गॅरेजची चिठ्ठी घेऊन दारुल इफ्तामध्ये विचारावे. हक्क गेला असे ठरले तरी सुलहचा रस्ता बंद होत नाही. बहिणीला मध्ये न घालता, घरातल्या एखाद्या बुजुर्गांना सोबत घेऊन दिरांसमोर चिठ्ठी ठेवावी आणि खर्च वाटून घेण्याबद्दल बोलावे. नात्यातला सौदा म्हणून गप्प बसले की ती गोष्ट मनात राहते, आणि पुढे प्रत्येक दावतीत बहिणीलाच ती जाणवते.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र एकच उत्तर आहे. सांगावेच लागेल. ढिगाच्या वर कोरडे आणि आत ओले धान्य ठेवणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात काय सुनावले, ती सहीह मुस्लिममधील हदीस आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. तिच्याइतकी चर्चा न होणारी दुसरी मनाई आहे. दुभते जनावर विकण्याआधी न पिळता कास तुंबवून ठेवू नये. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गेलेल्या कोणालाही यातली चलाखी समजावून सांगावी लागत नाही. पंधरा दिवसांपुरते नवे ऑइल टाकणे आणि कोड पुसणे ही तुंबवलेली कासच आहे. इमाम अबू हनीफा यांचा कापडाचा व्यापार होता. त्यांच्या भागीदाराने दोष असलेला कपडा दोष न सांगता विकला आणि गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी ती सगळी रक्कम सदका केली, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते.

‘जशी आहे तशी’ या शब्दांचाही आधार घेऊ नये. सर्व दोषांची जबाबदारी नाकारून विकण्याची अट हनफी फिकहमध्ये मान्य आहे हे खरे. पण ती सौद्याची अट झाली. माहीत असलेला ऐब दाबून ठेवायला ती परवानगी देत नाही. आपल्यावर जुलूम झाला म्हणून तिसऱ्यावर करण्याची मुभाही कुठे नाही. तो तिसरा माणूसही बहुधा बांगड्या मोडूनच आलेला असेल. गाडी दोष सांगून, कमी किमतीत, शक्यतो गॅरेजवाल्यालाच विकावी. पेटी दुरुस्त करून किंवा भंगारातली जुनी पेटी बसवून विकायची असेल तर तेही सांगावे आणि बिल द्यावे.

आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो? १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ मध्येही उदाहरण घोड्याचेच आहे. घोड्यात दोष आहे हे माहीत असून मालक लिलावात काहीच बोलला नाही, तर ती कायद्याने फसवणूक ठरत नाही. कायदा इथे गप्प बसू देतो, दीन बसू देत नाही. पण पुढच्याच उदाहरणांत कायदा वळण घेतो. घेणारी मालकाची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर नात्यामुळे दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा म्हणाला की ‘तुम्ही नाही म्हटले नाही तर मी घोडा निर्दोष धरतो’, आणि मालक गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्याइतकेच धरले जाते. हे तिसरे उदाहरण गाडी घेणाऱ्याच्या फार कामाचे आहे.

गाडी विक्रेत्याकडून घेतली असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. तक्रार राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते, आणि दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओचे अधिकारपत्रही घ्यावे लागते. ते पाहायला मागावे. घरगुती, माणसा-माणसातल्या सौद्याला मात्र ग्राहक आयोगाचे दार बहुधा उघडत नाही.

म्हणून पैसे देण्याआधीच पाहावे. गाडी सकाळी, थंड असताना पाहायला जावे आणि पोहोचताच बॉनेटला हात लावावा. आधीच गरम असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. थंड गाडीत दुसरा गिअर टाकताना खरखर आली तर आतली पितळी सिंक्रो रिंग झिजलेली असण्याचा संभव असतो. न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच दाबल्यावर बंद झाला तर पेटीतल्या बेअरिंगचा संशय घ्यावा, उलट दाबल्यावर सुरू झाला तर क्लचच्या बेअरिंगचा. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबून डी आणि आर टाकून पाहावे. दोन-तीन सेकंद काहीच न होता मग धक्का बसला तर सौदा तिथेच थांबवावा. मग चार माणसे बसवून जवळच्या घाटात चढावर न्यावी. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा काटा वर जातो आणि वेग तेवढाच राहतो, असे झाले तर क्लच किंवा पट्टा घसरतो आहे. शेवटी आपला मिस्त्री, विकणाऱ्याचा नव्हे, ऑइलचा रंग पाहील आणि स्कॅनर लावेल. सगळे कोड अगदी अलीकडे पुसलेले दिसले तर का पुसले ते विचारावे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधील नोंदीही मागाव्यात. त्यात गिअरबॉक्स ऑइल कधी बदलले ते दिसते आणि मीटरचे खोटेही उघडे पडते.

आणि टोकन देण्याआधी, विकणारा सख्खा मामू असला तरी, त्यांना व्हॉट्सॲपवर अदबीने एवढे लिहावे: ‘अस्सलामु अलैकुम. गाडीचा गिअरबॉक्स आणि क्लच चांगला आहे, गाडी पुरात गेलेली नाही आणि मीटर खरे आहे असे समजून मी सौदा करत आहे. यात काही फरक असेल तर कृपया कळवावे.’ उत्तर येईपर्यंत पैसे खिशातच ठेवावेत.