नाव नको, पुरावा हवा

गुळाच्या व्यापारावर वाढलेल्या शाहूपुरीत मालाची पारख रंग आणि कणी पाहून होत आली. शेतकऱ्याचे कूळ विचारून नव्हे. लिखित मजकुराची पारख मात्र लेखकाचे नाव विचारून व्हावी, असा आग्रह आता धरला जातो.

विकिपीडिया हा वाचकांनीच लिहिलेला ज्ञानकोश. खाते न उघडताही त्यात दुरुस्ती करता येते. फेब्रुवारी 2025 मध्ये छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या तेथील मजकुरावरून वाद पेटला. राज्याच्या सायबर पोलिसांनी मजकूर हटविण्यास सांगितले आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदविला. अशा वेळी निनावी लेखकांना दार बंद करावे, ही मागणी पुढे येते.

तीत तथ्य नाही असे नाही. बदनामी, खोडसाळपणा आणि विकतचा प्रचार निनावीपणाच्या आडोशाने वावरतो. पोर्तुगीज विकिपीडियाने ऑक्टोबर 2020 मध्ये खात्याविना संपादन बंद केले. परंतु खाते म्हणजे खरे नाव नव्हे. ते टोपणनावानेही उघडता येते. खोडसाळ माणूस हा अडथळा सहज ओलांडतो; चूक दिसली म्हणून सुधारू पाहणारा साधा वाचक मात्र दारातूनच परततो.

नावाने सत्याची हमी मिळते काय? 1882 मध्ये कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. ‘केसरी’ व ‘मराठा’ यांच्या संपादकांची नावे जगजाहीर होती. दगा दिला तो बनावट पत्रांनी. उलट, 1848 पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रे लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकर होते. स्वसमाजाचे दोष त्यांनी ‘लोकहितवादी’ या टोपणनावानेच उघड केले.

‘शिवाजी कोण होता?’ हे पुस्तक कॉ. गोविंद पानसरे यांनी स्वतःच्या नावाने लिहिले. 16 फेब्रुवारी 2015 रोजी याच शहरात त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. चार दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. कंत्राटी कामगाराने, गावकुसाबाहेरच्या तरुणाने नाव जाहीर करावे असे सांगणाऱ्यांनी त्याच्या संरक्षणाची हमी कोण देणार, हेही सांगावे.

प्रत्येक विधानाला संदर्भ, प्रत्येक बदलाची नोंद, वादग्रस्त लेखाला काही काळ कुलूप, या व्यवस्था विकिपीडियात आहेतच. उणीव आहे ती राबणाऱ्या हातांची. चुकीचा मजकूर दिसताच पोलिसांकडे धाव घेण्याऐवजी कार्यकर्त्यांनी ग्रंथालयात बसावे, पुरावा शोधावा आणि ती ओळ दुरुस्त करावी.