औषध घ्यावे, पण विवेकाने

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या एका मुलास ताप आला. त्याच्या आजीने फडताळातील डबा उघडला आणि थोरल्या नातवाच्या आजारातून उरलेल्या दोन कॅप्सूल त्यास दिल्या. "एवढे महागाचे औषध वाया कशाला घालवायचे?" असा त्या माउलीचा सरळ हिशेब. तिच्या मायेविषयी शंका नाही. परंतु ही काटकसर फार महागात पडते, एवढेच येथे नम्रपणे मांडावयाचे आहे.

1928 साली लंडन येथे अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीत पेनिसिलिन सापडले. 1941 च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये ते अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायास टोचण्यात आले. जंतूंनी पोखरलेला तो मनुष्य काही दिवसांतच सावरू लागला. पण औषध संपले! त्याच्या मूत्रातून ते परत काढून वापरले, तरीही पुरले नाही, आणि तो दगावला. ती टंचाई आज उरलेली नाही. आपल्या राजेश्वरावरून जाणारी सडक ज्या पुण्यास पोहोचते, त्या पुण्याजवळ पिंपरीस 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन आपल्या देशातच तयार होऊ लागले.

पेनिसिलिन जंतूंना आपल्या पेशीची भिंत बांधू देत नाही. सर्दी-पडसे ज्यांमुळे होते त्या विषाणूंना अशी भिंतच नसते; मग तेथे ते काय करणार? इतर प्रतिजैविकांचाही विषाणूंपुढे इलाज चालत नाही. शिवाय अपुऱ्या मात्रेने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात व त्यांचाच वंश वाढतो. फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच हा इशारा दिला होता. औषधास न जुमानणाऱ्या जंतूंमुळे 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे मृत्युमुखी पडली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

कोणी म्हणेल, दवाखान्यात जावे तर दिवसाची मजुरी बुडते. दुकानातून दोन गोळ्या आणणे सोयीचे. ही अडचण खोटी नाही. पण चुकीच्या गोळीने आजार लांबला, तर एकाऐवजी आठ दिवसांची मजुरी बुडते, त्याचे काय? म्हणून ज्या वेष्टनावर उभी तांबडी रेघ असेल, ते औषध वैद्याच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये. सांगितलेली मात्रा सांगितलेले दिवस घ्यावी; बरे वाटले म्हणून मनाने थांबवू नये, एकाचे औषध दुसऱ्यास देऊ नये. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पित्त उठले असेल, तर ते वैद्यास आधीच सांगावे. औषध घेतल्यावर चेहरा सुजला वा धाप लागली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

विद्यार्थिमित्रहो, गावच्या विहिरीचे पाणी एकाने नासले तरी तहानेने सारा गाव व्याकूळ होतो. प्रतिजैविकांचेही तसेच आहे. तो शिपाई औषध संपले म्हणून गेला. आपल्या पुढच्या पिढीवर औषध उशाशी असूनही मरण्याची पाळी येऊ नये. घरातील वडीलधाऱ्यांना चिठ्ठी वाचून दाखविणारे आपणच असतो. ती नीट वाचून दाखविणे आणि त्या डब्यातील उरलेल्या गोळ्यांविषयी आजीला प्रेमाने समजावून सांगणे, हेही आपल्या शिक्षणाचे सार्थक नव्हे काय?