भाषा कळत नाही म्हणे

कर्नाटक संगीताच्या मैफलीतून अर्ध्यावर उठणारा मराठी श्रोता हमखास एक वाक्य मागे ठेवून जातो: "छान आहे हो, पण भाषा कळत नाही." पुण्यात ऐकलंय, दादरला ऐकलंय, माझ्या घरातही ऐकलंय. हे वाक्य खोटं आहे, असं माझं म्हणणं आहे. त्या खोट्याला मी स्वतः हातभार लावला आहे, म्हणून आधी ते सांगते.

मागच्या वर्षी एका मैफलीसाठी अकरा कृतींचं मराठी भाषांतर करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. बहुतेक कृती तेलुगू, दोन तमिळ, एक संस्कृत. ओळी गायिकेच्या मागच्या पडद्यावर दिसणार होत्या. मी जीव ओतून काम केलं. मुख्य कृतीत गायिकेने नेरवल घेतला. नेरवल म्हणजे कृतीतली एकच ओळ धरायची, शब्द तेच ठेवायचे आणि तालाच्या दर फेरीत त्यांना नव्या सुरांत बसवायचं. पंधरा मिनिटं ती ओळ चालली, आणि पडद्यावर पंधरा मिनिटं माझीही तीच ओळ. शेजारच्या बाई आधी पडद्याकडे बघत होत्या, मग मोबाइलकडे. "पुढचं येतच नाहीये," असं म्हणाल्या. पुढचं दर आवर्तनात येत होतं. मग मृदंगम आणि घटमचं तनि आवर्तनम सुरू झालं, पडदा कोरा झाला आणि रांगाच्या रांगा चहाला उठल्या. त्यांना वाचायची सवय मी लावली होती. वाचायला काही उरलं नाही, तेव्हा ते उठले.

याच रांगांतली माणसं विलंबित ख्याल तासभर ऐकतात. त्यातली ब्रज किती जणांना कळते? किराणा घराण्यात तर शब्दाला सुरापुढे फारसा मान नाही, आणि ते घराणं महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी खरहरप्रियेतली त्यागराजांची तेलुगू कृती ध्वनिमुद्रित केली. १९३७ साली त्यांनी देह ठेवला तो पाँडिचेरीच्या वाटेवर, सिंगपेरुमाळकोइलच्या स्टेशनात. मिरजेला त्यांच्या नावाने रात्र जागवणाऱ्या कुणी त्या तेलुगूचं भाषांतर मागितल्याचं मला तरी माहीत नाही.

अडचण कानाची आहे आणि ती मला तिरुनागेश्वरम् येथे उमगली. कुंभकोणमपासून पाचसहा किलोमीटरवरचं हे गाव. नागनाथस्वामींच्या देवळात राहूचं ठाणं आहे. रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ. त्या वेळी राहूच्या मूर्तीवर दुधाचा अभिषेक होतो आणि अंगावरून ओघळताना दूध निळसर दिसतं, अशी ख्याती. सगळी गर्दी ते दूध बघायला. मी बाहेरच्या प्राकारात बसले होते, कारण तिथे नागस्वरम चाललं होतं. तविल वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताच्या बोटांना कडक टोप्या, डाव्या हातात आखूड दांडकं. नागस्वरमवाला सावकाश आलाप करत होता आणि मला वाटलं, भैरवी. आपल्याकडे भैरवी म्हणजे मैफल संपली, चपला शोधा. हात खरोखरच पिशवीकडे गेला.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मी इंग्रजीत विचारलं, "अय्या, राग कोणता?"

"तोडी, अम्मा."

आपल्या भैरवीचे सूर म्हणजे त्यांची तोडी. आपल्या तोडीच्या जवळचा त्यांचा राग शुभपंतुवराळी. मराठी 'शिक्षा' आणि हिंदी 'शिक्षा' यांच्यासारखंच हे. त्यांच्याकडे तोडीने काही संपत नाही. ती मैफलीच्या मध्यावर, सगळ्यात ऐसपैस मांडायची. जवळच्याच तिरुवावडुदुरैचे राजरत्नम पिळ्ळै हिच्यासाठीच प्रसिद्ध. आता सांगा, हे मी कुठल्या पडद्यावर लिहू? इथे शब्दच नव्हता, तरी मी चुकीचं ऐकत होते.

मी मराठी, हे कळल्यावर त्या गृहस्थांनी हळू आवाजात एक अभंग म्हटला. 'विठ्ठल'चा 'विट्टल' झाला होता. मराठी माणूस इथे हसतो, हे मी पाहिलंय. कर्नाटक मैफलीच्या शेवटी, तुकड्यांमध्ये, अभंग आला की आपण उच्चारांचे गुण द्यायला बसतो, अगदी अरुणा साईराम गात असल्या तरी. माफ करा, पण हा उद्दामपणा आहे. १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांची गादी होती. आपल्या कीर्तनकारांची साकी आणि दिंडी तंजावर कृष्ण भागवतरांनी उचलली, आणि तमिळ कथाकालक्षेपात ती राहिली. किती पिढ्या ही माणसं मराठी ऐकत आली आहेत, अर्थ पुरता न कळता! 'भाषा कळत नाही' म्हणून ती उठून गेली नाहीत.

यावर कुणी म्हणेल की तमिळ लोकांनीही भाषेवरून भांडण केलंच होतं. केलं होतं. १९४१ च्या अण्णामलैनगरच्या परिषदेपासून तमिळ इसै चळवळीने मैफलीत तमिळ गाणी मागितली, आणि ती मागणी न्याय्य होती. आपल्या भाषेत गा, असं त्यांचं म्हणणं होतं. तेलुगू गाण्याचा अर्थ भिंतीवर लिहून द्या, हे नव्हे. त्यागराजांचे शब्द फुटकळ आहेत, असंही मी म्हणत नाही. त्यांची भाषांतरं मी करीनच, पुस्तकात, जिथे वाचणाऱ्याचे डोळे आणि कान एकाच वेळी कामाला लागलेले नसतात.

त्या गृहस्थांना मी त्यांच्या अभंगाचा अर्थ सांगायला घेतला होता. सवयच ती. त्यांनी ऐकून घेतलं, मग हलकेच हात वर करून नागस्वरमकडे बोट दाखवलं.

त्याच आयोजकांकडून या डिसेंबरसाठी पुन्हा यादी आली आहे. मी कळवलंय की पडद्याचं भाडं वाचवा, आणि त्या पैशांत कुंभकोणमकडची एक नागस्वरम-तविल जोडी बोलवा. सभागृहात नको, बाहेरच्या आवारात बसवा, माइकशिवाय. ते वाद्य मोकळ्या हवेसाठीच घडलेलं आहे. आणि तोडीच वाजवायला सांगा.