विश्लेषण : सर्व्हरच्या आतली ‘बीएमसी’ काय असते? तिच्या पासवर्डची काळजी दहिसरच्या दवाखान्यानेही का करावी?

मुंबईत ‘बीएमसी’ म्हटले की महापालिका आठवते. सर्व्हर सांभाळणाऱ्यांची बीएमसी मात्र वेगळी असते, ‘बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर’. दहिसरमध्ये घरी बसलेला इंजिनीअर ऐरोलीच्या डेटा सेंटरमधला ठप्प झालेला सर्व्हर पुन्हा सुरू करतो, तो मदरबोर्डवरच्या या चिपच्या जोरावर. याच चिपच्या सॉफ्टवेअरमधील एका त्रुटीला मार्च २०२५ मध्ये गंभीरतेच्या मापावर १० पैकी १० गुण मिळाले. २५ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या ‘सिसा’ या सायबर सुरक्षा यंत्रणेने ती प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत टाकली. बीएमसीची त्रुटी त्या यादीत जाण्याची ही पहिलीच वेळ.

ही चिप नेमके काय करते?

बीएमसी म्हणजे सर्व्हरच्या आत बसलेला दुसरा, छोटा संगणक. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, बहुतेकदा नेटवर्कची वायरही वेगळी. त्यावर अनेकदा लिनक्सची छोटी आवृत्ती चालते. टीव्ही रिमोटने बंद केला तरी लाल दिवा जळत राहतो, तसाच सर्व्हर ‘बंद’ असला तरी वायर प्लगमध्ये आहे तोवर हा छोटा संगणक जागा असतो. पंख्यांचा वेग, तापमान, वीजपुरवठा यांवर तो लक्ष ठेवतो. पण त्याचे खरे काम मुख्य सर्व्हर अडकल्यावर दिसते. विंडोज किंवा लिनक्स सुरूच होत नसेल, तरी सर्व्हरची स्क्रीन दूरच्या लॅपटॉपवर ब्राउजरमध्ये दिसते. बायोसमध्ये शिरता येते, वीज तोडून पुन्हा देता येते. लॅपटॉपवरची फाइल सर्व्हरला सीडी म्हणून दाखवून नवी ऑपरेटिंग सिस्टीमही टाकता येते.

एचपीच्या सर्व्हरमध्ये ही सोय ‘आयएलओ’ नावाने येते, डेलमध्ये ‘आयड्रॅक’ नावाने. सगळ्यांची भाषा एक असावी म्हणून इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये ‘आयपीएमआय’ हे मानक आणले. २०१५ मध्ये त्याच्या जागी ‘रेडफिश’ हे नवे मानक आले, तरी जुने अजून सर्रास वापरात आहे.

मुंबईत तिची एवढी गरज का?

डेटा सेंटर ऐरोली, महापे, पवई, चांदिवली पट्ट्यात आणि ती चालवणारी माणसे दहिसर, मिरा रोड, विरारला, हे चित्र नवे नाही. दहिसरहून ऐरोली गाठायची तर घोडबंदर रस्त्याने जा, नाहीतर दादर आणि ठाण्याला गाडी बदला. शेवटची लोकल गेल्यावर किंवा रुळांवर पाणी साचल्यावर दोन्ही पर्यायांचा उपयोग नाही. मार्च २०२०च्या टाळेबंदीत लोकल बंदच झाल्या. १५ जूनला त्या पुन्हा धावू लागल्या, त्याही फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. त्या काळात सर्व्हरला हात न लावता तो दुरुस्त करता येणे ही चैन उरली नव्हती.

ही सोय असण्या-नसण्यातला फरक १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिला. क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. ज्या सर्व्हरना बीएमसी होती, त्यांची स्क्रीन दुरून उघडून सदोष फाइल काढता आली. काउंटरवरच्या साध्या पीसींपाशी मात्र बहुतेक ठिकाणी माणूस पाठवावा लागला.

मग धोका कुठे आहे?

जे इंजिनीअरला घरून करता येते, ते पासवर्ड मिळाला तर कुणालाही करता येते. आणि हा पासवर्ड कित्येक वर्षे उघड गुपित होता. डेलच्या आयड्रॅकचे मूळ युजरनेम ‘रूट’ आणि पासवर्ड ‘कॅल्विन’, सुपरमायक्रोचे दोन्ही ‘अॅडमिन’. आता बऱ्याच नव्या सर्व्हरवर प्रत्येक यंत्राचा वेगळा पासवर्ड छापलेला असतो, पण जुनी यंत्रे कपाटांत चालूच आहेत.

आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीची तर रचनाच सदोष आहे. डॅन फार्मर या सुरक्षा संशोधकाने २०१३ मध्ये दाखवून दिले की योग्य युजरनेम सांगणाऱ्या कुणालाही ही यंत्रणा लॉगिन पूर्ण होण्याआधीच पासवर्डचा ‘हॅश’, म्हणजे त्याचे सांकेतिक रूप, देऊन टाकते. तो घरी नेऊन निवांत फोडता येतो. दोष मानकातच असल्याने अपडेटने तो जात नाही.

याचा वापर झालाही. २०१८ मध्ये ‘जंगलसेक’ या खंडणीखोर टोळीने आयपीएमआयमधून लिनक्स सर्व्हरमध्ये शिरून फाइल कुलूपबंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये इराणच्या अम्नपरदाज या कंपनीने ‘आयएलओब्लीड’ उघड केला. एचपीच्या आयएलओमध्ये लपणारा हा घुसखोर डिस्क पुसून टाकायचा. आयएलओचे फर्मवेअर अपडेट करायला गेले की तो ते होऊ द्यायचा नाही आणि ‘अपडेट झाले’ असे खोटेच दाखवायचा. अँटिव्हायरस चालतो मुख्य सर्व्हरवर, त्याला खालच्या या मजल्यावरचे काही दिसत नाही. विंडोज पुसून नव्याने टाकले तरी चिपमधला घुसखोर तिथेच राहतो.

२०२५ची त्रुटी वेगळी कशी?

‘सीव्हीई-२०२४-५४०८५’ या क्रमांकाची ही त्रुटी एएमआय कंपनीच्या ‘मेगारॅक’ या सॉफ्टवेअरमध्ये सापडली. एक्लिप्सियम या सुरक्षा कंपनीने ती उघड केली. येथे पासवर्ड चोरण्याचीही गरज नाही. रेडफिशला विशिष्ट रीतीने लिहिलेली विनंती पाठवली की लॉगिनच ओलांडता येते. त्यानंतर सर्व्हर पुन्हा पुन्हा रीबूट करत ठेवणे, फर्मवेअर बदलणे, अगदी मदरबोर्ड निकामी करणेही शक्य होते. मेगारॅक अनेक सर्व्हर कंपन्या आपापल्या नावाने वापरतात. त्यामुळे एएमआयने दुरुस्ती दिली तरी ती आधी सर्व्हर बनवणाऱ्याने आपल्या मॉडेलसाठी तयार करायची, मग ग्राहकाने टाकायची. बीएमसीचे फर्मवेअर टाकायला वेळ काढणारे ग्राहक कमीच.

डेटा सेंटर की गल्लीतला दवाखाना?

मोठ्या डेटा सेंटरमध्ये बीएमसीचे जाळे सहसा इंटरनेटपासून वेगळे ठेवतात. काळजी करावी लागते ती टेबलाखालच्या एका सर्व्हरची. पॅथॉलॉजी लॅब, सीएचे कार्यालय, छोटी पतपेढी, नर्सिंग होम यांचा सर्व्हर बाहेरचा एएमसीवाला सांभाळतो. दर वेळी चेकनाक्याच्या गर्दीतून येण्यापेक्षा राउटरवर एक पोर्ट उघडून ठेवणे त्याला सोपे वाटू शकते. मालकाला त्या पोर्टचा पत्ताच नसतो. एप्रिल २०२२च्या ‘सर्ट-इन’ निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे आहेत. पण त्या चिपची नोंदवही कुणी उघडलीच नसेल, तर कळवणार काय?

एएमसीवाल्याला थेट विचारा, आमच्या सर्व्हरचे आयएलओ किंवा आयड्रॅक इंटरनेटवरून उघडते का? उघडत असेल तर ते आधी बंद करून घ्या आणि दुरून कामासाठी व्हीपीएन मागा. मूळ पासवर्ड बदलला का आणि फर्मवेअर शेवटचे कधी अपडेट झाले, हेही त्याच भेटीत समजून घ्या. लागत नसेल तर आयपीएमआय बंद करता येते, रेडफिश आणि ब्राउजर पुरतात.

दुरून येण्याचा रस्ता पूर्ण तोडणे मात्र शहाणपणाचे नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक आणि व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा मुख्य नेटवर्कसोबत त्यांचा हा पर्यायी रस्ताही गेला होता. शेवटी इंजिनीअर डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले आणि कडक सुरक्षेमुळे आत शिरून काम सुरू करायलाही वेळ लागला.

लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन जुना सर्व्हर स्वस्तात घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. डिस्क नवी टाकली म्हणून यंत्र कोरे होत नाही. एक्लिप्सियमने आयबीएमच्या क्लाउडवर एक सर्व्हर भाड्याने घेऊन त्याच्या बीएमसीच्या फर्मवेअरमध्ये किरकोळ बदल केला आणि तो परत दिला. तोच सर्व्हर पुन्हा मिळवला, तेव्हा तो बदल तसाच होता. म्हणून जुने यंत्र नेटवर्कला जोडण्याआधी बीएमसी फॅक्टरी रीसेट करा, कंपनीच्या संकेतस्थळावरचे फर्मवेअर टाका आणि युजरच्या यादीत अनोळखी नाव नाही ना ते पाहा.