दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावयाचा?

२७ जून २०१७ रोजी न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे संगणक निकामी झाले आणि मालाची चढउतार ठप्प झाली. टर्मिनल चालविणाऱ्या मर्स्क समूहाला ‘नॉटपेट्या’ नामक संगणकीय घातपाताची झळ जगभर लागली होती. समूहाचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांचा माल याच बंदरातून परदेशी जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे हा प्रश्न केवळ संगणक-तंत्रज्ञांचा उरत नाही.

या घातपाताने ज्या उणिवेचा फायदा घेतला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच उपलब्ध केली होती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने त्याच उणिवेतून शिरून जगाला इशाराही दिला होता. तरीही असंख्य संगणक दुरुस्तीवाचून राहिले. याचे कारण निव्वळ आळस नव्हे. यंत्रावरील संगणक दुरुस्तीसाठी थांबविला की पाळी बुडते. जुन्या प्रणालीशी नवी दुरुस्ती जुळेल याची शाश्वती नसते. थांबण्याचा तोटा आजचा आणि निश्चित, न थांबण्याचा उद्याचा आणि अनिश्चित! शिवाय हा दुसरा तोटा एकट्या मालकाच्या माथी पडत नाही. शेजारच्या कारखान्याला, बँकेला, बंदरालाही तो वाटून घ्यावा लागतो. ज्याचा भार इतरांवर टाकता येतो, त्या जोखमीची किंमत बाजार नेहमीच कमी लावतो.

तथापि ‘दुरुस्ती आली की तत्काळ बसवा’ हा उपदेशही निर्धोक नाही. नॉटपेट्या पसरला तोच मुळी युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. १९ जुलै २०२४ रोजी तर क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेथे घातपाती कोणी नव्हता. रक्षकाचीच चूक सर्वत्र एकाच वेळी पोहोचली होती.

म्हणून घाई की विलंब, एवढ्यापुरताच हा वाद मर्यादित ठेवणे योग्य नव्हे. सुरक्षेच्या दुरुस्त्या नव्या सोयींपासून वेगळ्या दिल्या, आधी थोड्या संगणकांवर पारखून मग सर्वत्र बसविल्या आणि माघारीची वाट खुली ठेवली, तर दोन्ही धोके आटोक्यात येतात. मात्र याला पैसा आणि माणूस लागतो. मोठ्या कंपनीला ते परवडते. तिला सुटे भाग पुरविणाऱ्या लघुउद्योजकाला नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा त्याच्यासमोरही नव्या संगणकाचा खर्च की वाढती जोखीम, हाच पेच उभा राहिला.

यंत्राला तेलपाणी लागते हे आपल्या उद्योगाने कधीच मान्य केले आहे. संगणकाच्या देखभालीलाही अंदाजपत्रकात तसेच स्वतंत्र स्थान हवे. विक्रेत्याने किती वर्षे दुरुस्ती पुरवावी हे खरेदीच्या करारातच ठरले पाहिजे. आणि औद्योगिक संघटनांनी लहान कारखान्यांसाठी सामाईक तंत्रज्ञ नेमले पाहिजेत. हा खर्च आज वाटून घेतला नाही, तर उद्या नुकसान वाटून घ्यावे लागेल.