मायेने घोडा बिघडत नाही

घोड्यांच्या बाजारात, पागेत, वरातीच्या घोडीवाल्यांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: घोड्याचे लाड केले की तो डोक्यावर बसतो. त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं: मालक कोण, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं पाहिजे. हे बोलणारी माणसं अडाणी नसतात. कित्येकांचं उभं आयुष्य लीद उपसण्यात आणि खरारा करण्यात गेलेलं असतं. म्हणून त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊन चालत नाही, ते खोडूनच काढावं लागतं.

मालक कोण ते दाखवण्याचा जाहीर प्रयोग साऱ्या जगाने ६ ऑगस्ट २०२१ रोजी पाहिला. टोकियो ऑलिंपिक, महिलांची मॉडर्न पेंटॅथलॉन. या खेळात घोडा चिठ्ठीने मिळे आणि ओळख करून घ्यायला अवघी वीस मिनिटं. आघाडीवर असलेल्या जर्मनीच्या आनिका श्लॉयच्या वाट्याला सेंट बॉय आला. आधीच्या स्वाराखाली तो अडलाच होता, आता तर पुढे पाऊल टाकेना. ती ढसाढसा रडत होती आणि रडता रडता चाबूक चालवत होती. कडेवरून तिची प्रशिक्षक किम राइसनर 'मार, जोरात मार' म्हणून ओरडत होती. तिने स्वतःही कुंपणावरून घोड्याला गुद्दा घातला. चाबूक, टाचा, गुद्दा, आरडाओरडा, काही म्हणजे काही बाकी राहिलं नाही. पदक गेलं, श्लॉय एकतिसावी आली, राइसनरला स्पर्धेतून काढलं आणि पॅरिसच्या २०२४ च्या खेळांनंतर या क्रीडाप्रकारातून घोडाच हद्दपार झाला.

यावर लगेच उत्तर येईल, की तो घोडा अनोळखी होता हो. बरोबर. मग तिथे कमी काय पडलं, मार की ओळख?

घोड्याची घडण समजून घेतली तर चाबकाचा मुद्दा निम्मा तिथेच गळून पडतो. घोडा हे शिकार होणारं जनावर. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं; फक्त नाकासमोरचा आणि शेपटीमागचा तुकडा दिसत नाही. संशय आला की आधी पळायचं आणि मग बघायचं, या सवयीवर त्याची जात जगली. अंगावर माशी बसली तरी तेवढ्याच जागेची कातडी तो थरथरवतो. असा घोडा रस्त्यात फडफडणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीला बुजतो तेव्हा तो माज करत नसतो, घाबरलेला असतो. त्याच क्षणी पाठीवर फटका बसला तर तो काय शिकेल? पिशवी दिसली की दुखतं, हेच. पुढच्या खेपेला तो दुप्पट बुजेल, स्वार चौपट मारेल आणि वर्षभराने घोडा 'वाईट खोडीचा' म्हणून स्वस्तात विकला जाईल. खोड त्याला कोणी लावली, हे विकत घेणाऱ्याला कोणी सांगत नाही.

घोडा शिकतो तो दाब सुटल्यावर. पोटरीचा हलका दाब दिला, घोड्याने पाऊल पुढे टाकलं, त्याच क्षणी दाब सोडला. लगाम किंचित ओढला, घोडा थबकला, हात ढिला झाला. सुटका हेच त्याचं बक्षीस. ती अर्धा क्षण उशिरा मिळाली तरी आपण नेमकं काय केलं म्हणून सुटका झाली, ते त्याला उमगत नाही. मिळालीच नाही, तर दाबाला अर्थच उरत नाही. मग तोंड बधिर होतं, कूस बधिर होते आणि आपण म्हणतो, हा टाचेला जुमानत नाही, याला चाबूकच हवा. दहापैकी नऊ वेळा हा मंदपणा घोड्याचा नसून वर बसलेल्याच्या हाताचा असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

'पण पळवायला तरी चाबूक लागतोच ना?' नॉर्वेने शर्यतीत घोड्याला चाबूक मारायला १९८२ सालीच बंदी घातली. तिथल्या शर्यती बंद पडल्या नाहीत. ब्रिटनमध्ये चाबूक न चालवता धावायच्या काही शर्यती असतात. सिडनीच्या संशोधकांनी अशा आणि नेहमीच्या, मिळून १२६ शर्यती २०२० मध्ये ताडून पाहिल्या. वेळेत फरक नाही, घोडा काबूत ठेवण्यातही नाही.

हे सगळं आजकालचं परदेशी फॅड आहे, असं म्हणणाऱ्यांनी झेनोफन हे नाव ऐकावं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला हा ग्रीक सेनानी, लढायांत मुरलेला. घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये, हे त्याने लिहून ठेवलं. जबरदस्तीने करवून घेतलेलं घोड्याला समजत नाही आणि ते देखणंही होत नाही, असंही त्याने बजावलं. लढाईला घोडा नेणाऱ्याला जे परवडत होतं ते वरात काढणाऱ्याला परवडत नाही, हे मला पटत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण मायेच्या नावाखालीही बरीच फसवाफसवी चालते. गूळ चारला, मानेवरून हात फिरवला, फोटो काढला, याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. गुळासाठी खिशात तोंड खुपसणारा घोडा उद्या चावेल, आणि तेव्हा 'लाडाने बिघडला' म्हणणारे जिंकतील. गोल कुंपणात घोड्याला पळवून पळवून दमवायचं, आणि तो मागे येऊ लागला की त्याने मला कळपाचा नेता मानलं म्हणून टाळ्या घ्यायच्या, हाही एक लोकप्रिय खेळ आहे. सिडनीतच २०१२ मध्ये माणसाच्या जागी रिमोटवर चालणारी खेळण्यातली मोटार वापरून हाच प्रयोग झाला. घोडे मोटारीकडेही वळले. मोटारीला काही कोणी नेता मानलं नसणार. घोड्याला हवी होती ती पळवापळवीतून सुटका.

याच कारणाने 'बघा, कसा गरीब झाला' या वाक्याची मला धास्ती वाटते. कितीही धडपडलं तरी सुटका नाही, हे कळल्यावरही घोडा स्तब्ध उभा राहतो. तो विश्वासाने उभा आहे की हरून, हे ओळखायला त्याचे कान, डोळे, जबडा बघता यायला हवा. विश्वास कसा दिसतो ते बघायचं तर आषाढीच्या वारीत रिंगणात धावणारा माउलींचा अश्व पाहावा. पाठीवर कोणी नाही, भोवती टाळमृदंगाचा कल्लोळ आणि माणसांचा समुद्र. हा अश्व अंकलीहून आळंदीपर्यंत चालत आलेला असतो. गर्दी आणि गजर त्याच्या अंगवळणी पडायला अशी वाट चालावी लागते. एका दुपारच्या मारझोडीत ते साधत नाही.

स्वाराचंही तसंच. पडलेल्या मुलाला दरडावून तत्काळ पुन्हा खोगिरावर चढवायचं, ही अनेक शिक्षकांची मर्दुमकी. स्वीडनमध्ये २००९ साली एक साधा प्रयोग झाला. स्वारांना सांगितलं, आता जाताना तुमच्यासमोर छत्री उघडली जाईल. छत्री कोणी उघडलीच नाही. तरी स्वारांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्यांच्या घोड्यांचेही. घाबरलेलं पोर घोड्यावर बसवणं म्हणजे घोड्यालाही घाबरवणं. अशा मुलाने आठवडाभर नुसता घोडा फिरवला, खरारा केला, तोबरा चढवला तर फी वाया गेली असं पालकांना वाटतं. ती वाया जात नाही.

एक आक्षेप मात्र मान्य आहे: या रीतीने वेळ जास्त लागतो. लागतोच. व्यापाऱ्याला शिंगरू लवकर विकायचं असतं, घोडीवाल्याला लग्नसराई गाठायची असते, त्याचं पोट त्यावर आहे. पण घाई आपल्या पोटाची आणि फटके घोडीच्या पाठीवर, हा हिशेब बरा नाही. त्यातून आपणही सुटत नाही, कारण बँडच्या तालावर, फटाक्यांच्या धुरात घोडी नाचलीच पाहिजे, हा हट्ट आपला.

तेव्हा घरात लग्न असेल तर घोडी ठरवताना भावाच्या आधी लगाम काढून दाखवायला सांगा. त्याला काटे असतील तर तिथून उठा. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या केंद्राच्या नियमांनी काटेरी लगाम बेकायदा ठरवला आहे.