गाय घ्यावी कास पाहून, कास पाहावी धार काढून



भोर-वेल्ह्याच्या डोंगरी भागात आपल्या समाजाकडे जमीन थोडी. भाताचे एक पीक निघाले की मजुरी, नाहीतर पुण्या-मुंबईची वाट. अशा घराला दुभत्या गायीचा मोठा आधार होतो. पण गाय घेताना फसगत झाली तर दूध राहते बाजूला आणि कर्ज बसते उरावर. म्हणून आज कासेविषयी.

बाजारात घागरीसारखी भरलेली कास दिसली की आपण भुलतो. मोठी कास म्हणजे भरपूर दूध, हे अर्धेच खरे. विकणारा कधी कधी आदली धार न काढता कास तुंबवून आणतो. शिवाय काही गायींची कास मांसल असते. दूध होते ते कासेतल्या ग्रंथींत, मांसात नव्हे. म्हणून धार काढून झाल्यावर कास चाचपून पाहा. चांगली कास रिकाम्या पिशवीसारखी मऊ पडते, मागच्या कातडीला सुरकुत्या येतात. मांसल कास होती तेवढीच राहते.

मग आकार पाहा. कासेच्या चार भागांपैकी मागच्या दोन भागांतून साधारण ६० टक्के दूध येते. म्हणून कास मागून रुंद व उंचापर्यंत गेलेली, पुढे पोटाला घट्ट धरलेली असावी. तिचा तळ मागच्या पायाच्या गुडघ्याच्या वर हवा. लोंबती कास आपल्याकडे फारच धोक्याची. चढ-उतारावर काट्याकुट्यांनी ती ओरखडते, पावसाळ्यात चिखलाने माखते आणि दगडी होते. दगडीने एक सड निकामी झाला तर तेवढे दूध कायमचे गेले.

चारही सड सारखे हवेत. प्रत्येकाची धार स्वतः काढा. गुठळी किंवा रक्त दिसले तर सौदा सोडा. पोटाखालची दुधाची शीर जाड, नागमोडी असणे चांगले. एक लिटर दुधासाठी कासेतून सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त फिरावे लागते.

तरीही कास ही नुसती खूण आहे. दूध जात, वेत आणि चारा यांवरही ठरते. म्हणून संध्याकाळी कास पूर्ण रिकामी करून घ्या. दुसऱ्या दिवशीच्या सकाळ-संध्याकाळच्या दोन्ही धारा समोर मापून घ्या. तेच तिचे दिवसाचे खरे दूध.

भोरहून वरंध घाट उतरला की महाड. तिथे १९२७ साली बाबासाहेबांनी मृतमांस खाणे सोडा, असे बजावले. ज्या समाजाच्या वाट्याला मेलेले ढोर येई, त्याच्या दावणीला आज स्वतःची दुभती गाय असावी. ती पारखताना तथागतांनी कालामांना सांगितलेले आठवा : ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, स्वतः तपासा. दलालाच्या तोंडापेक्षा आपल्या हाताचा भरवसा धरा.

जय भीम!